नातं डॅनिशशी, वळण अम्हारिकचं

‘जगातल्या सर्वांत अवघड भाषा’ अशी एखादी यादी अधूनमधून मोबाइलवर फिरत येतेच. तशीच एक वाचून एका वाचकाने विचारलंय : डॅनिश सोपी आणि इथिओपियातली अम्हारिक अवघड, हे ठरवलं कुणी?

बहुतेक याद्यांचं मूळ अमेरिकेच्या परराष्ट्र खात्यात सापडतं. अधिकाऱ्यांना भाषा शिकवणारी त्यांची एक संस्था आहे. तिच्या हिशेबात डॅनिश २४ ते ३० आठवड्यांच्या गटात येते आणि अम्हारिक ४४ आठवड्यांच्या. हिंदीही त्या दुसऱ्याच गटात. हिशेब अनुभवातून आलेला आहे, त्याबद्दल तक्रार नाही. पण तो इंग्रजी मातृभाषा असलेल्यांचा आहे, आणि यादी पुढे ढकलताना नेमकं तेवढंच गळतं. सांगली-साताऱ्याच्या माणसाने तो आपला का मानावा?

मराठी माणसाच्या बाजूने पाहिलं तर चित्र मजेदार होतं. नात्याने डॅनिश आपली लांबची बहीण. डॅनिशमध्ये ‘नाव’ म्हणजे ‘नाउन’, ‘नवा’ म्हणजे ‘न्यू’. पायाला ‘फोद’, पाचाला ‘फेम’. संस्कृतातल्या ‘पाद’ आणि ‘पंच’मधल्या ‘प’चा तिकडे ‘फ’ झाला. हा बदल लहरी नसून नियमाने होतो, हे पाठ्यपुस्तकांत याकोब ग्रिमच्या नावावर आहे. ग्रिमने ते मांडलं १८२२ मध्ये. त्याआधी, १८१८ मध्ये, रास्मुस रास्क या डॅनिश अभ्यासकाने आइसलँडिकची ग्रीक-लॅटिनशी तुलना करताना हीच अदलाबदल ओळीने मांडून दाखवली होती. निबंध डॅनिशमध्ये होता, वाचणार कोण? आपल्याकडच्यांना हे दुखणं वेगळं सांगायला नको.

त्या निबंधात रास्कने भारतीय भाषांना हात लावला नव्हता. ती उणीव भरायला तो निघाला आणि रशिया, इराण असं करत १८२० मध्ये मुंबईत पोहोचला. इथून त्याने अवेस्ता या पारशी धर्मग्रंथाची आणि पहलवी भाषेतली हस्तलिखितं मिळवली. ती आजही कोपनहेगनच्या शाही ग्रंथालयात आहेत. अवेस्ताची भाषा संस्कृतची लेक नसून बहीण आहे, असं ठामपणे सांगणाऱ्या पहिल्यांपैकी तो एक. १८३२ मध्ये वयाच्या ४४ व्या वर्षी तो गेला. नियमाला मात्र ग्रिमचंच नाव चिकटलं ते चिकटलं.

अम्हारिक आपली कुणीच लागत नाही. ती सेमिटिक, अरबी-हिब्रूच्या घराण्यातली. तरी वाक्य ऐका : ‘लिजू दाब्बो बेल्ला’. ‘लिजू’ मुलगा, ‘दाब्बो’ पाव, ‘बेल्ला’ खाल्ला. शब्दाखाली शब्द ठेवा, क्रम मराठीचाच. अरबीत असं होत नाही. अम्हारिकला क्रियापद शेवटी टाकण्याची सवय शेजारच्या कुशिटिक भाषांनी लावली, असं मानलं जातं. शिवाय ‘तू गेलास’ला ‘हेद्क’ आणि ‘तू गेलीस’ला ‘हेद्श’. गुरुजी एकटे गेले तरी क्रियापद अनेकवचनी. डॅनिशमध्ये मी, तू, ती, आम्ही, कुणीही जावो, ‘गिक’ एवढंच. आदरार्थी ‘आपण’ तर तिथे जवळपास राजघराण्यापुरतंच उरलंय.

अम्हारिकच्या लिपीत तर बाराखडीच निघते. फक्त ती सातखडी आहे : ल, लू, ली, ला, ले, ल्, लो. मूळ अक्षराला छोटीशी शेपटी किंवा कडी लावली की स्वर बदलतो. ही युक्ती चौथ्या शतकाच्या सुमारास, उत्तर इथिओपियातल्या अक्सुमच्या राज्यात रुजली. ती व्यापाऱ्यांबरोबर भारतातून गेली असावी, असा तर्क पूर्वीपासून आहे. तो ऐकून आपली छाती फुगते, पण पुरावा हाती लागलेला नाही. लिपीची एक खोड मात्र आपल्यासारखीच. द्वित्त ती लिहीत नाही, म्हणून ‘गेना’ (अजून) आणि ‘गेन्ना’ (नाताळ) कागदावर एकच. आपण तरी ‘हे जग’ आणि ‘सुखाने जग’ यांतला ‘ज’ कुठे वेगळा लिहितो?

डॅनिशचं दुखणं उलटं. लिहिलेलं भरपूर, ऐकू येतं थोडं. ‘हुन्’ म्हणजे ती आणि ‘हुन्ड’ म्हणजे कुत्रा. दुसऱ्यातला ‘ड’ उच्चारतच नाहीत. फरक उरतो तो ‘न’वर घशात बसणाऱ्या बारीकशा अडखळीचा. ती चुकली तर काय अनर्थ होईल ते सांगत नाही. लांब-आखूड धरून स्वर विसाच्या वर जातात आणि व्यंजनं विरघळून स्वरांना मिळतात. डॅनिश भाषा-अभ्यासक डोर्टे ब्लेसेस यांच्या चमूने अनेक भाषांतल्या तान्ह्या मुलांची तुलना केली, तेव्हा शब्द ओळखण्यात सुरुवातीला डॅनिश मुलं मागे दिसली. पुढे ती बरोबरी गाठतात. पण घरच्या लेकरांना जिथे वेळ लागतो, ती भाषा २४ आठवड्यांची!

अम्हारिक आपल्याला सोपी जाईल असं मात्र नाही. तिथे तीन व्यंजनांचा सांगाडा घेऊन शब्द उभे करतात. स-ब-र म्हणजे मोडणं. ‘सेब्बेरे’ त्याने मोडलं, ‘यिसेब्राल’ तो मोडतो, ‘तेसेब्बेरे’ मोडलं गेलं. आपली प्रत्यय जोडायची सवय इथे पुरत नाही, शब्दाच्या पोटात शिरावं लागतं.

त्यात एक गंमत. इंग्रजी ‘द’चं काम या दोघी शब्दाच्या शेपटाला बांधतात. डॅनिश ‘हुस’चं ‘हुसेत’, अम्हारिक ‘बेत’चं ‘बेतू’, दोन्हीचा अर्थ ‘ते घर’. या दोघींत ना नातं, ना शेजार.

आकड्यांत मात्र डॅनिशचं आपल्याशी असलेलं नातं वर येतं. अम्हारिकमध्ये पन्नास म्हणजे सरळ ‘हामसा’. डॅनिशमध्ये ‘हालत्रेस’, म्हणजे ‘अर्धा तिसरा’ गुणिले वीस. परदेशी लोक या हिशेबापुढे हात टेकतात. पण आपला ‘अडीच’ही ‘अर्धतृतीय’मधूनच आलाय आणि ‘औट’ म्हणजे अर्धा चौथा, साडेतीन. औटकीचे पाढे घोकलेल्या आजोबांना डॅनिश सत्तर, म्हणजे औट गुणिले वीस, तोंडी सुटावं. शेजारी देशांच्या सोयीसाठी डेन्मार्कने एकेकाळी ५० क्रोनरच्या नोटेवर सुटसुटीत ‘फेमती’ छापलं होतं. लोकांनी नोट खिशात घातली आणि दुकानात ‘हालत्रेस’च मागितले.