निवेदनाला आकड्यांची जोड हवी : आपल्या मुलामुलींनी अर्थशास्त्र आणि सार्वजनिक धोरण का शिकावे?

काही वर्षांपूर्वी आमच्या वस्तीतल्या विद्यार्थ्यांची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती रखडली. फी भरली नाही म्हणून कॉलेजने गुणपत्रिका अडवल्या. आम्ही मोर्चा काढला, निवेदन घेऊन कार्यालयात गेलो. अधिकाऱ्यांनी शांतपणे विचारले, "कुठला निधी अडलाय म्हणता? राज्याचा हिस्सा की केंद्राचा? लेखाशीर्ष कोणते?" आमच्यात वकील होते, शिक्षक होते, एमपीएससी करणारे होते. उत्तर एकाकडेही नव्हते. निवेदन देतानाचा फोटो काढून आम्ही परत आलो.

त्या प्रश्नाचे उत्तर नंतर शिकलो. 2020-21 पासून या शिष्यवृत्तीचा खर्च केंद्र 60 टक्के आणि राज्य 40 टक्के असा वाटून घेते. राज्याने आपला हिस्सा दिला की केंद्राचा हिस्सा थेट विद्यार्थ्याच्या खात्यात जमा होतो. म्हणजे राज्याचे 40 टक्के अडले की केंद्राचे 60 टक्केही अडतात. मोर्चा कोणत्या दारावर न्यायचा, हे इथे ठरते. घोषणा तीच, पण दार चुकले तर वर्ष वाया जाते आणि एखादी मुलगी कॉलेज सोडून घरी बसते.

हा विषय आपलाच

केंद्र आणि प्रांत यांच्यात पैसा कसा वाटला जातो, हाच बाबासाहेबांच्या कोलंबिया विद्यापीठातील पीएच.डी.चा विषय होता. तो प्रबंध 1925 मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाला. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये त्यांनी 1921 मध्ये एम.एस्सी. आणि 1923 मध्ये रुपयाच्या प्रश्नावरील प्रबंधासाठी डी.एस्सी. मिळवली. मधल्या काळात मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात ते अर्थशास्त्र शिकवत होते. जयंतीच्या बॅनरवर या पदव्या आपण मोठ्या अक्षरांत छापतो. त्या पदव्या ज्या विषयातल्या, तो विषय मात्र आपल्या घरात फारसा कोणी घेत नाही.

नेमके काय शिकवतात?

अर्थशास्त्रात बाजार, रोजगार, महागाई, सांख्यिकी आणि सार्वजनिक वित्त, म्हणजे सरकारची कमाई आणि खर्च, हे विषय असतात. सार्वजनिक धोरणात योजना कशी आखली जाते, तिच्यासाठी पैसा कुठून येतो, ती कुठे गळते आणि तिचा परिणाम कसा मोजायचा, हे शिकवले जाते.

एक उदाहरण घेऊ. 1979-80 मध्ये विशेष घटक योजना सुरू झाली. अनुसूचित जातींच्या लोकसंख्येच्या प्रमाणात त्यांच्यासाठी निधी ठेवावा, हे तिचे सूत्र. 2011 च्या जनगणनेनुसार महाराष्ट्रात हे प्रमाण 11.8 टक्के आहे. आता अर्थसंकल्पात तीन आकडे शोधायचे : अर्थसंकल्पीय अंदाज, सुधारित अंदाज आणि प्रत्यक्ष खर्च. बातमी होते ती पहिल्याची. वर्षाच्या मध्यात कात्री लागली का, हे दुसरा सांगतो. वस्तीपर्यंत काय पोचले असेल, याचा अंदाज तिसऱ्यावरून येतो. आपण टाळ्याही पहिल्या आकड्यावर वाजवतो आणि निषेधही त्याचाच करतो.

कुठे शिकायचे?

बारावी कोणत्याही शाखेतून झाली असली तरी बी.ए.ला अर्थशास्त्र घेता येते. पुढे पुण्याची गोखले संस्था, मुंबई विद्यापीठाचे मुंबई स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स अँड पब्लिक पॉलिसी, टाटा सामाजिक विज्ञान संस्था, दिल्ली स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स, जेएनयू असे पर्याय आहेत. बंगळूरच्या राष्ट्रीय विधी विद्यापीठात सार्वजनिक धोरणाची पदव्युत्तर पदवी मिळते. नोकरी सांभाळून शिकायचे असेल तर इग्नूतून अर्थशास्त्रात एम.ए. करता येते.

दोन भीती आम्हाला नेहमी ऐकू येतात : गणित आणि इंग्रजी. दोन्ही खऱ्या आहेत, हे आम्ही नाकारत नाही. म्हणून तयारी बारावीनंतर नको, अकरावीतच सुरू करा. कला शाखेत असाल तरी गणिताचा सराव तोडू नका. विहारातल्या अभ्यासिकेत स्पर्धा परीक्षेच्या पुस्तकांशेजारी राज्याचा आर्थिक पाहणी अहवाल ठेवा. तो मराठीतही निघतो आणि शासनाच्या संकेतस्थळावर मोफत मिळतो.

कलेक्टर होण्याचे स्वप्न जरूर बघा. पण जागा मोजक्या आणि परीक्षा देणारे लाखो. त्यात पाच-सात वर्षे घालवून रिकाम्या हाताने परतलेली मुले आमच्या रोजच्या ओळखीची आहेत. धोरण शिकलेल्याला संशोधन संस्था, सामाजिक संस्था, पत्रकारिता, आमदारांचे अभ्यास-सहायक अशा वाटा असतात. शिवाय चळवळीला त्याचा उपयोग पहिल्या दिवसापासून होतो.

येत्या अर्थसंकल्पाच्या वेळी प्रत्येक विहारात एक रविवार सामाजिक न्याय विभागाची पाने वाचण्यासाठी ठेवूया. सुरुवातीला समजणार नाही, आम्हालाही समजले नव्हते. पण पुढच्या निवेदनात लेखाशीर्ष लिहिलेले असेल, आणि मग प्रश्न आपण विचारू.

जयभीम!