मशिकोची माती

टोकियोच्या उत्तरेला, तोचिगी प्रांतात मशिको नावाचं गाव आहे. १८५३ पासून इथे रोजच्या वापरातली भांडी घडतात. इंग्लंडहून परतलेले कुंभार शोजी हामादा इथेच स्थायिक झाले आणि १९५५ साली जपान सरकारने त्यांना ‘जिवंत राष्ट्रीय ठेवा’ म्हणून गौरवलं. इथल्या कार्यशाळांत प्रवाशांनाही चाकावर बसता येतं. मी बसले.

आधी मळणं. शिकवणाऱ्या बाईंनी दोन्ही तळव्यांनी माती अशी फिरवत दाबली की गोळ्यावर शेवंतीच्या पाकळ्या उमटल्या. जपानीत याचं नावच ‘शेवंती-मळणं’, किकुनेरी. मातीतली हवा काढायची ही रीत. मग मोठा गोळा चाकावर, आणि त्याच्या फक्त शेंड्याची वाटी. तयार वाटी दोऱ्याने कापून उचलतात, आपला कुंभार उचलतो अगदी तशीच! तो दोरा फिरताना पाहून मला एकदम घरी आल्यासारखं वाटलं.

माझी पहिली वाटी कलंडली. बाईंनी माझी कोपरं मांड्यांवर टेकवली, बोटं पाण्यात बुडवली, आणि दुसरी वाटी उभी राहिली. ती मुद्दाम मोठी करायची, कारण वाळताना आणि भाजताना माती दहा-बारा टक्के आकसते.

झिलई मी ‘काकी’ निवडली. काकी हे टेंभुर्णीच्या कुळातलं फळ. त्याच्यासारखा हा तांबूस तपकिरी रंग लोहयुक्त दगडाच्या पुडीतून येतो. वाळवणं, भाजणं त्यांच्याकडेच. दोन महिन्यांनी वाटी टपालाने पुण्यात आली. तळाशी माझ्या अंगठ्याचा ठसा होता.