लहान नौका, अथांग सागर

गोव्यातील ‘आय.एन.एस. मांडवी’ या नौदल तळावरून १० सप्टेंबर २०१७ रोजी ‘तारिणी’ ही शिडाची नौका पृथ्वीप्रदक्षिणेस निघाली. दिवाडी बेटावरील गोदीत बांधलेल्या, सुमारे १७ मीटर लांबीच्या या नौकेवर लेफ्टनंट कमांडर वर्तिका जोशी यांच्या नेतृत्वाखाली भारतीय नौदलाच्या सहा महिला अधिकारी होत्या. सुमारे २१,६०० सागरी मैलांचा, म्हणजेच जवळजवळ ४०,००० किलोमीटरांचा प्रवास करून २५४ दिवसांनी, २१ मे २०१८ रोजी, त्या गोव्यास परतल्या.

पाळीची शिस्त

वाटेत फ्रीमँटल, लिटलटन, पोर्ट स्टॅन्ले व केपटाऊन ही मोजकीच बंदरे होती. दोन बंदरांच्या दरम्यान आठवडेच्या आठवडे जमिनीचे दर्शन नसते. नौका रात्रीही चालतच असल्याने अहोरात्र पाळीपाळीने जागावे लागते. वाऱ्याचा रोख, शिडाचा ताण आणि समोरून येणारी जहाजे यांवर नजर ठेवावी लागते. सलग झोप क्वचितच मिळते. हेलकाव्यांनी घरंगळून पडू नये म्हणून बिछान्याला कापडी आडोसा बांधलेला असतो. डेकवर जाताना कमरेचा दोर नौकेला अडकविणे अनिवार्य असते, कारण काळोखात पाण्यात पडलेली व्यक्ती पुन्हा सापडणे दुरापास्त असते.

पाणी आणि दुरुस्ती

गोडे पाणी मोजून वापरले जाते. शक्य तेथे समुद्राच्या पाण्यावर काम भागवितात आणि पाऊस आल्यास पाणी साठवून घेतात. स्वयंपाकाची शेगडी झुलती असते; नौका कलली तरी भांडे सरळ राहते.

वाटेत मोडतोड झाल्यास बोलावण्यास कोणी कारागीर नसतो. फाटलेले शीड शिवणे, दोर बदलणे, यंत्र खोलून पाहणे ही कामे नौकेवरील माणसांनाच यावी लागतात. ‘तारिणी’च्या परतीच्या प्रवासात सुकाणूच्या यंत्रणेत बिघाड झाला, तेव्हा तिला मॉरिशसमधील पोर्ट लुई बंदराचा आश्रय घ्यावा लागला. दुरुस्तीनंतर प्रदक्षिणा पूर्ण झाली.

सहांवरून दोन

याच नौकेतून लेफ्टनंट कमांडर दिलना के. व रूपा ए. या दोघींनी २ ऑक्टोबर २०२४ ते २९ मे २०२५ या काळात पुन्हा पृथ्वीप्रदक्षिणा केली. नौकेवर दोघीच असताना एक विसावली की साऱ्या नौकेचा भार दुसरीवर येतो. अशा प्रवासात धैर्याइतकेच मोल वेळेवर पाळीला उभे राहण्याला आणि पाण्याचा प्रत्येक पेला जपण्याला असते.