पिकांच्या राखणीची बंदूक व बदलते कायदे

भुईमूग पोसूं लागला किंवा मक्याचें कणीस भरूं लागलें म्हणजे रानडुकरांचे कळप शिवारांत उतरतात, आणि चार महिन्यांची मेहनत एका रात्रींत मातींत जाते, हें आमच्या वाचकांस सांगावयास नको. गोफण, डफडें व माळ्यावरचा जागता राखणदार हे उपाय थकले म्हणजे शेतकरी बंदुकीचा विचार करितो. परंतु ह्या बाबतींत कायदा त्यास काय देतो, आणि तो कोठें व कसा बदलतो, याची माहिती फार थोड्यांस असते. ती येथें थोडक्यांत देण्याचें योजिलें आहे.

सन १८७८ च्या कायद्यानें हिंदी माणसास परवान्यावांचून हत्यार बाळगण्याची बंदी झाली. युरोपियनांस त्यांतून सूट होती. हा कायदा लोकांस इतका सलत होता कीं, १९३० सालीं गांधीजींनीं व्हाइसरॉयांपुढें मांडलेल्या अकरा मागण्यांत स्वसंरक्षणार्थ बंदुकीचे परवाने मिळावेत, ही एक होती. आणि १९३१ च्या कराची काँग्रेसनें नियमांच्या मर्यादेंत शस्त्र बाळगण्याचा हक्क मूलभूत हक्कांच्या ठरावांत घातला. राज्यघटनेंत मात्र तो आला नाहीं. आज जो हक्क आहे तो १९५९ च्या शस्त्र अधिनियमांतला होय. हा अधिनियम १ ऑक्टोबर १९६२ पासून अंमलांत आला. जें कायद्यानें दिलें तें दुसऱ्या कायद्यानें काढूनहि घेतां येतें. सबब शेतकऱ्यानें जागें राहणें अवश्य आहे.

ह्या अधिनियमाचें तेरावें कलम प्रत्येक शेतकऱ्यानें एकदां तरी वाचावें. इतर बहुतेक शस्त्रांसाठीं अर्जदारानें सबळ कारण दाखवून अधिकाऱ्याची खात्री पटवावी लागते. परंतु पिकांच्या खऱ्याखुऱ्या राखणीसाठीं ठासणीची बंदूक मागितल्यास अधिकाऱ्यानें परवाना ‘द्यावा’, अशी त्या कलमाची भाषा आहे. ठासणीची बंदूक पुरेशी नाहीं असें अधिकाऱ्यास पटल्यास वीस इंचांहून आंखूड नसलेल्या गुळगुळीत नळीची दुसरी बंदूकहि तो देऊं शकतो. चौदाव्या कलमांत नकाराचीं कारणें सांगितलीं आहेत. अर्जदारापाशीं पुरेशी मालमत्ता नाहीं एवढ्याच कारणास्तव परवाना नाकारतां येत नाहीं, हें त्यांत स्पष्ट लिहिलें आहे. नकाराचीं कारणें लेखी नोंदलीं पाहिजेत, व सार्वजनिक हितास बाध येत नसेल तर मागणी केल्यावर तीं अर्जदारास कळविलीं पाहिजेत. अठराव्या कलमान्वयें अपील आहे. पोलिसांचा अहवाल ठरल्या मुदतींत न आल्यास त्याची वाट न पाहतां निर्णय देण्याची मुभाहि १९८३ च्या दुरुस्तीनें अधिकाऱ्यास मिळाली आहे. म्हणून तोंडी नकार ऐकून घरीं परतूं नये. लेखी हुकूम मागावा.

आतां फेरबदलांकडे वळूं. १९८३ सालीं एका माणसापाशीं फार तर तीन बंदुका असाव्यात अशी मर्यादा ठरली. २०१६ सालीं १९६२ चे जुने नियम जाऊन नवे आले. २०१९ च्या दुरुस्तीविधेयकांत तर तीनांवरून एकच बंदूक ठेवण्याची सूचना होती. त्यावर आक्षेप निघाले, व अखेर दोन बंदुकांची मर्यादा मंजूर झाली. परवान्याची मुदत तीन वर्षांची होती ती पांच झाली. ज्याच्या घरीं आजोबांच्या वेळची बंदूक आहे त्यास एक व दोन ह्यांतील अंतर समजावून देण्याची जरूर नाहीं. विधेयक मंजूर होण्यापूर्वीं बोलणाऱ्याचें म्हणणें ऐकलें जातें; मागाहून केलेली तक्रार वाऱ्यावर जाते.

परंतु सर्वांत मोठी चूक होते ती निराळीच. बंदुकीचा परवाना म्हणजे जनावर मारण्याची परवानगी नव्हे. रानडुक्कर हें १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमाखालीं संरक्षित आहे. त्या अधिनियमाच्या अकराव्या कलमान्वयें, उभ्या पिकांस धोका झाल्यास, मुख्य वन्यजीव रक्षक किंवा त्यानें अधिकार दिलेला अधिकारी कारणें नमूद करून लेखी परवानगी देऊं शकतो. आणि अशा परवानगीनें मारलेलें जनावरहि सरकारची मालमत्ता ठरतें. हातांत परवाना असूनहि दुसरा कागद नसेल, तर पीक वांचविणारा शेतकरीच आरोपी होईल.

शस्त्रें हा विषय घटनेप्रमाणें केंद्राच्या सूचींत आहे, तर वन्यजीवांचें रक्षण हा समवर्ती सूचींत. म्हणून एक डोळा दिल्लीकडे व दुसरा आपल्या राज्याकडे ठेवावा लागतो. डिसेंबर २०१५ मध्यें केंद्रानें बिहारच्या कांहीं जिल्ह्यांपुरतें रानडुक्कर व नीलगाय यांस ठराविक मुदतीसाठीं उपद्रवी ठरविलें. २०२२ च्या मे महिन्यांत केरळ सरकारनें रानडुकरांसंबंधींचा अधिकार स्थानिक स्वराज्य संस्थांच्या प्रमुखांस दिला. कर्नाटकांतील कोडगू जिल्ह्यांत कोडव लोक व जम्मा जमिनीचे धारक यांस परवान्यांतून सूट आहे. २०१९ सालीं ती २०२९ पर्यंत वाढविण्यांत आली. ह्यांपैकीं एकाहि गोष्टीसाठीं नवा कायदा करावा लागला नाहीं. राजपत्रांतील अधिसूचना किंवा सरकारी निर्णय एवढ्यावर काम झालें. तेव्हां केवळ विधेयकांवर नजर ठेवून भागत नाहीं.

निवडणुकीचा प्रसंगहि असाच आहे. पूर्वीं सरसकट सर्व परवानेदारांच्या बंदुका ठाण्यांत जमा करून घेत, व नेमक्या पिकाच्या दिवसांत शिवार उघडें पडे. २००९ सालीं मुंबई उच्च न्यायालयाच्या निर्णयानंतर छाननी समितीनें प्रत्येक परवानेदाराचा विचार करावा असें ठरलें. ज्यास नोटीस येईल त्यानें आपलें म्हणणें समितीपुढें लेखी मांडावें.

आम्ही बंदुकीचे भोक्ते नव्हे. नीट न सांभाळलेली बंदूक घराचाच घात करिते, आणि रानांतील जनावरांसहि जगण्याचा हक्क आहे. आमचें म्हणणें इतकेंच कीं, कायद्यानें दिलेला हक्क अज्ञानामुळें बुडूं नये. याकरितां प्रत्येक तालुका शाखेनें एक वही ठेवावी. तींत विधेयकें, नियम व अधिसूचना यांची तारीखवार नोंद असावी. तसेंच सभासदांनीं केलेले अर्ज, त्यांवरील लेखी हुकूम व पिकांच्या नुकसानीचे पंचनामे यांचीहि नोंद व्हावी. पुढचें विधेयक येईल तेव्हां हीच वही आपल्या वतीनें बोलेल.