घरगुती चहामिश्रण

घरगुती चहामिश्रण म्हणजे सुट्या चहाचे दोन किंवा अधिक प्रकार ठरावीक प्रमाणात एकत्र करून, आवडीनुसार त्यात वाळवलेली पाने वा मसाले घालून, घरच्या वापरासाठी स्वतःच्या चवीची चहापूड तयार करणे होय. बाजारात बंद पुड्यांतून मिळणारी चहापूड हीदेखील बहुधा मिश्रणच असते. चहाच्या पानाची चव मळा, ऋतू व पाऊसमान यांनुसार बदलते. त्यामुळे वर्षभर एकसारखी चव राखण्यासाठी व्यावसायिक चवपारखी अनेक मळ्यांचा माल एकत्र करतात.

मुंबईत गिरगाव, दादर, परळ, लालबाग या जुन्या वस्त्यांत सुटा चहा विकणारी दुकाने आहेत. तेथे ‘पाव किलो पत्ती, त्यात थोडी डस्ट’ असे सांगून गिऱ्हाईक आपल्यासमोर मिश्रण करून घेऊ शकते. लालबागच्या मसाल्याच्या बाजारात मिरची व खडा मसाला निवडून, भाजून, कांडून घेतात, त्याच धाटणीची ही रीत आहे.

पार्श्वभूमी

महाराष्ट्रात चहा सहजासहजी रुळला नाही. १८९० साली पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये चहा घेतल्यावरून न्यायमूर्ती रानडे, लोकमान्य टिळक आदींविरुद्ध ग्रामण्य उभे राहिले आणि प्रकरण प्रायश्चित्तापर्यंत गेले. पुढे १९०३ च्या कायद्याने निर्यातीच्या चहावर उपकर बसला व त्या पैशातून चहाचा प्रचार होऊ लागला. पहिल्या महायुद्धाच्या काळात कारखाने, कोळशाच्या खाणी आणि कापडगिरण्या येथे चहाचे ठेले उभारण्यात आले. परळ-लालबागच्या गिरणगावात चहा हा पाळीच्या कामाचा सोबती झाला.

१९३० च्या सुमारास आसामात सीटीसी ही पद्धत विकसित झाली. तीत पान यंत्राच्या दातेरी रुळांमधून चिरडून, फाडून त्याचे दाणे वळले जातात. असा दाणेदार चहा लवकर उतरतो, दुधातही त्याचा रंग टिकतो, आणि थोड्या पुडीत अधिक कप होतात. आज भारतात तयार होणारा बहुतांश चहा याच पद्धतीचा असतो.

घटक

दुधाच्या चहासाठी आसामचा सीटीसी चहा हा मिश्रणाचा पाया मानला जातो. तो रंग आणि कस देतो. निलगिरीचा चहा तुलनेने हलका व सुगंधी असल्याने आसामच्या उग्रपणाला सौम्य करतो. दार्जिलिंगचा नाजूक गंध दूध व साखरेत हरवतो. तो दुधाच्या मिश्रणात घालणे म्हणजे पैसे वाया घालवणे होय, आणि कोऱ्या चहासाठी तो वेगळा ठेवणे इष्ट. डस्ट म्हणजे चाळणीतून पडलेला सर्वांत बारीक चहा. नावावरून वाटते तसा तो कचरा नसतो. कण बारीक असल्याने पाण्याशी त्याचा संपर्क अधिक पृष्ठभागावर होतो व अर्क झपाट्याने उतरतो. प्रमाण वाढले की मात्र चहा तुरट होतो.

गवती चहा ही चहाच्या झाडाची पाने नसून एक सुगंधी गवत आहे. त्याचा लिंबासारखा वास सिट्रल या घटकामुळे येतो. भाजीबाजारात मिळणारी ताजी जुडी थेट पातेल्यातच घालावी. चहापुडीत मिसळायची असल्यास पाने सावलीत खडखडीत वाळवून बारीक करावी लागतात, कारण ओलसर पान बरणीतील सगळी पूड बिघडवते. वेलची, दालचिनी, सुंठ यांनाही हाच नियम लागू आहे. ताजे आले पुडीत घालता येत नाही. त्यातील प्रथिने तोडणाऱ्या विकरामुळे दूध फाटू शकते, म्हणून आले आधी पाण्यात चांगले उकळून मग दूध घालतात.

पद्धत

नवशिक्याने एकदम अर्धा किलोचे मिश्रण करू नये. दोनच चहा घेऊन ते ३:१, १:१ आणि १:३ अशा प्रमाणांत, प्रत्येकी वीस-पंचवीस ग्रॅमच्या लहान पुड्यांत मिसळावेत. मोजमाप चमच्याने करण्याऐवजी वजनाने करणे आवश्यक आहे. दाणेदार चहाचा चमचा जड भरतो, तर लांब पानाचा फुगीर व हलका, त्यामुळे चमच्याचे प्रमाण पुढच्या वेळी जुळत नाही.

चव घेण्याची एक आंतरराष्ट्रीय प्रमाणपद्धत आहे : १०० मिलिलिटर उकळत्या पाण्यास २ ग्रॅम चहा आणि ६ मिनिटे झाकण. यातून निघणारा चहा पिण्यासाठी फार कडक असतो, पण चवीतील फरक त्यात उघडे पडतात. प्रथम असा कोरा चहा चाखून दोष ओळखावेत. नंतर घरात नेहमी होतो तसा दूध-साखरेचा चहा करून निर्णय घ्यावा, कारण दुधातील प्रथिने चहातील तुरट द्रव्यांना बांधून घेतात आणि कोरा असताना असह्य वाटणारा चहा दुधात उत्तम लागू शकतो. एका वेळी एकच गोष्ट बदलावी व प्रमाण लिहून ठेवावे. मसाला सर्वांत शेवटी येतो. आधी घातल्यास तो चहाचे दोष झाकतो.

कणांच्या आकाराकडे सहसा दुर्लक्ष होते. पत्ती व डस्ट एकत्र केल्यास बरणी हलताना बारीक कण तळाशी जातात. परिणामी सुरुवातीचे कप फिके आणि बरणी संपताना होणारे कप कडक होतात. शक्यतो जवळच्या आकाराचे चहा निवडावेत, अन्यथा दर वेळी बरणी आडवी फिरवून मगच पूड काढावी.

पाण्याचाही प्रभाव मोठा आहे. मुंबई महानगरपालिकेचे पाणी पावसावर भरणाऱ्या तलावांतून येते व तुलनेने मृदू असते. हेच मिश्रण गावाकडच्या विहिरीच्या कठीण पाण्यात मंद लागते आणि कपावर तवंग धरतो. मुंबईहून सुटा चहा गावी नेणाऱ्यांनी तेथे प्रमाण नव्याने ठरवावे.

साठवण व भेसळ

चहा हवेतील ओल आणि आसपासचे वास शोषून घेतो. पावसाळ्यात घट्ट झाकणाचा कोरडा डबा वापरावा, तो शेगडीपासून व मसाल्याच्या डब्यापासून दूर ठेवावा आणि महिनाभर पुरेल एवढेच मिश्रण करावे.

सुट्या चहात वापरलेला चोथा वाळवून, रंगवून मिसळण्याची लबाडी आढळते. फारच स्वस्त डस्टबाबत सावध असावे. गाळण कागदावर थोडी पूड पसरून पाणी शिंपडावे, मग पूड धुऊन काढून कागद उजेडात पाहावा. भेसळीच्या चहाचे गडद डाग कागदावर उमटतात, शुद्ध चहाचे फारसे उमटत नाहीत. पुडीवरून लोहचुंबक फिरवल्यास लोखंडाचा कीस चिकटून येतो. मिश्रणात येणाऱ्या प्रत्येक चहाची ही तपासणी एकत्र करण्यापूर्वी वेगवेगळी करावी, म्हणजे दोष कोणत्या मालात आहे ते कळते.