ताटवाटी वेगळी कशाला?

घरात कुणाला क्षय झाल्याचे कळले की सगळ्यात आधी वेगळी होते ती ताटवाटी. मग पेला, टॉवेल, अंथरूण. रुग्ण सून असेल तर कधीकधी तिची रवानगी थेट माहेरी होते. यामागे भीती असते, काळजीही असते, पण आधार नसतो. क्षयाचे जंतू भांड्यांतून पसरत नाहीत. फुप्फुसाचा क्षय झालेला माणूस खोकतो, शिंकतो तेव्हा ते हवेतून पसरतात. योग्य औषधे सुरू झाली की त्याच्यापासून इतरांना होणारा संसर्ग झपाट्याने कमी होतो.

ही गोष्ट भारतातच सिद्ध झाली, तीही जवळपास सत्तर वर्षांपूर्वी. त्या काळी क्षय म्हणजे मिरज-पाचगणीसारख्या ठिकाणचे सॅनेटोरियम, मोकळी हवा, सकस जेवण आणि महिनोन्‌महिने अंथरुणावर पडून राहणे. तेवढ्या खाटा देशात नव्हत्याच. १९५६मध्ये मद्रासच्या क्षयरोग केंद्रात १९३ गरीब रुग्णांचे चिठ्ठ्या टाकाव्यात तसे दोन गट केले गेले. एक गट सॅनेटोरियममध्ये गेला, दुसरा आपापल्या दाटीवाटीच्या घरांत राहिला. औषधे दोघांना तीच. घरी राहिलेल्या रुग्णांना ना पुरेशी विश्रांती होती, ना दूध-अंडी. तरीही वर्षअखेरीस दोन्ही गटांचे निकाल जवळजवळ सारखे आले. पुढची काही वर्षे घरच्या माणसांवरही लक्ष ठेवले गेले; रुग्ण घरी राहिल्यामुळे त्यांच्यात क्षय वाढल्याचे दिसले नाही. जो काही संसर्ग व्हायचा, तो बहुतेक निदानाआधीच होऊन गेलेला होता. त्याच आधारावर १९६२मध्ये देशाचा क्षयरोग कार्यक्रम घरी राहून घ्यायच्या उपचारांवर उभा राहिला आणि जगानेही तोच रस्ता धरला. सरकारी धोरण बदलले, पण ताटवाटी अजून वेगळीच आहे.

दुसरा समज रक्ततपासणीचा. ‘रक्तात टीबी निघाला’ हे वाक्य किती घरांत ऐकू येते! रक्तातली प्रतिपिंडे पाहून क्षय ठरवणाऱ्या चाचण्या आपल्याकडच्या खासगी प्रयोगशाळांत सर्रास चालत. त्या निरोग्याला रोगी ठरवत आणि रोग्याला निरोगी. २०११मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने त्या वापरू नयेत असे स्पष्ट बजावले आणि जून २०१२मध्ये भारताने त्यांच्यावर बंदी घातली. फुप्फुसाच्या क्षयाचे निदान बेडक्यातून होते. ‘सीबीनॅट’ यंत्रात नमुना ठेवला की दोनेक तासांत जंतू आहेत का आणि रिफाम्पिसिन हे मुख्य औषध त्यांच्यावर चालेल का, हे दोन्ही कळते. अट एकच: डबीत लाळ नको, छातीतून आलेला बेडका हवा. हे रुग्णाला नीट समजावून सांगायला दोन मिनिटे पुरतात. ती दिली नाहीत, तर महागडे यंत्रही काही करू शकत नाही.

खोकला नाही म्हणजे क्षय नाही, हेही खरे नाही. २०१९ ते २०२१च्या राष्ट्रीय सर्वेक्षणात सापडलेल्या रुग्णांपैकी ४२.६ टक्के केवळ छातीच्या एक्स-रेमुळे हाती लागले. लक्षणे विचारून थांबले असते तर ते निसटलेच असते.

औषधांना दाद न देणाऱ्या क्षयाबद्दल मात्र लोकांची भीती एकेकाळी खरी होती. दीड-दोन वर्षे उपचार, त्यात कित्येक महिने रोज इंजेक्शन. मुंबईच्या नंदिता वेंकटेशन यांची ऐकण्याची शक्ती त्याच उपचारांत गेली. पुढे दक्षिण आफ्रिकेतल्या १०९ रुग्णांवरच्या अभ्यासात फक्त तोंडाने घ्यायच्या तीन औषधांनी, बहुतेकांच्या बाबतीत सहा महिन्यांत, दहापैकी नऊ जण बरे झाले. या पद्धतीला चौथ्या औषधाची जोड मिळाली आणि २०२४मध्ये भारतानेही ती स्वीकारली. यातले बेडाक्विलिन एकाच कंपनीच्या मुठीत राहू नये म्हणून नंदिता यांनी दक्षिण आफ्रिकेतल्या फुमेझा टिसिले यांच्यासह पेटंट कार्यालयात हरकत घेतली होती. मार्च २०२३मध्ये कंपनीचा वाढीव पेटंटचा अर्ज फेटाळला गेला. औषध रुग्णापर्यंत पोचायला कधीकधी असेही लढावे लागते.

आणि मग येतो सगळ्यात खोलवर रुजलेला समज: गोळ्या मुख्य, खाणे दुय्यम. मद्रासच्या निकालाचा असा अर्थ काढणे चूक आहे. औषधांनी रुग्ण बरा होतो, पण उपाशी घर पुढच्या रुग्णासाठी दार उघडे ठेवते. डॉ. अनुराग आणि डॉ. माधवी भार्गव यांच्या गटाने झारखंडच्या चार जिल्ह्यांत २,८०० रुग्णांच्या घरांत हे तपासले. प्रत्येक रुग्णाला दरमहा तांदूळ, डाळ, दूध पावडर, तेल असा १० किलो शिधा मिळाला. निम्म्या रुग्णांच्या घरच्यांनाही माणशी ५ किलो तांदूळ आणि दीड किलो डाळ दिली गेली. २०२३मध्ये प्रसिद्ध झालेला निकाल असा: ज्या घरांत सगळ्यांना शिधा पोचला, तिथे नव्याने क्षय होण्याचे प्रमाण ३९ टक्क्यांनी कमी. लस नाही, नवे औषध नाही, डाळ-तांदूळ!

यानंतर धोरण हलले, पण अर्धेच. रुग्णाच्या खात्यात दरमहा येणारे ५०० रुपये नोव्हेंबर २०२४पासून १,००० झाले. घरच्यांच्या शिध्यासाठी मात्र ‘निक्षय मित्र’ या दात्यांची वाट पाहावी लागते. ज्या गावाला दाता मिळाला, तिथल्या घरात पिशवी येते. ज्याला मिळाला नाही, तिथे रुग्णाच्या हजार रुपयांतच सगळ्यांचा स्वयंपाक होतो.