केसपेपर, संगणक आणि निरोप

दवाखान्यातील संगणक या विषयावर बोलावयास आम्हांस का बोलावले, असे काही श्रोत्यांच्या मनात आले असेल. आम्ही डॉक्टर नाही, आणि संगणकाचे शास्त्रही शिकलेलो नाही. शाळा सातवीत सुटली; पुढचे शिक्षण यंत्रमागाच्या खात्यात आणि युनियनच्या कचेरीत, मिळेल ते पुस्तक वाचून झाले. परंतु गेली तीस वर्षे आजारी कामगाराबरोबर दवाखान्याच्या खिडकीशी उभे राहण्याचे काम आम्ही केले आहे. खिडकीच्या बाहेरून जे दिसते ते आतून दिसत नाही, एवढ्याच अधिकारावर हे बोलतो.

आमच्या ओळखीचा एक यंत्रमाग कामगार दोन महिने खोकत होता. एका दवाखान्यात (नाव सांगण्याचे प्रयोजन नाही) त्याची थुंकी तपासणीस घेतली. तपासणाऱ्याने अहवाल दुसऱ्याच दिवशी संगणकात भरला. क्षय निघाला होता. ज्या डॉक्टरांनी तपासणी सांगितली त्यांची बदली झाली. नव्या डॉक्टरांच्या पडद्यावर तो अहवाल होता खरा, पण त्या रोग्याचे पान उघडल्यावाचून तो दिसत नसे, आणि रोगी समोर आल्यावाचून पान उघडण्याचे कारण नसे. रोग्याला सांगितले होते, ‘रिपोर्ट आला की फोन येईल.’ नोंदणीच्या दिवशी त्याच्याजवळ मोबाईल नव्हता, म्हणून मुकादमाचा नंबर लिहिला गेला होता. असे एकोणीस दिवस गेले. तोवर तो सात जणांच्या खोलीत झोपत होता. शेवटी आम्ही त्याला घेऊन खिडकीशी गेलो, तेव्हा तेथील बाईंनी दोन कळा दाबून म्हटले, ‘अण्णा, रिपोर्ट तर कधीचाच आलाय!’

त्या खरेच बोलत होत्या. प्रत्येकाने आपापले काम केले होते. नोंद झाली होती, निरोप मात्र पोचला नव्हता. आणि हे नुसते औषधापुरते नव्हते. क्षयाच्या रोग्याची नोंद सरकारकडे करणे ७ मे २०१२ पासून सक्तीचे झाले आहे. ‘निक्षय’ या सरकारी प्रणालीत नाव चढले म्हणजे पोषणासाठी रक्कम मिळते, ती नोव्हेंबर २०२४ पासून दरमहा १००० रुपये करण्यात आली. निरोप अडला की औषध, पैसा आणि खोलीतील सात जणांची तपासणी, सारेच अडते.

जुना कागदी केसपेपर बरा होता, असे आमचे म्हणणे नाही. तो हरवे, पावसाळ्यात भिजे, त्यावरील अक्षर लिहिणाऱ्यासही लागत नसे. पण त्याचा एक गुण होता. तो हातातून हातात जाई. टेबलावर केसपेपरांचा ढीग पडला की तो डोळ्यांत खुपे. संगणकातील नोंदीचा ढीग दिसत नाही. तिचा मोठेपणा निराळा आहे. ती एकाच वेळी खिडकीवर, डॉक्टरांच्या खोलीत, तपासणीच्या आणि औषधाच्या खोलीत वाचता येते. रोग्याला एखादे औषध बाधते हे एकदा लिहिले की ते लिहून देणाऱ्यास ती हटकू शकते. वैद्यक परिषदेच्या २००२ च्या नियमावलीतच नोंदी संगणकावर आणण्याचा प्रयत्न करावा असे म्हटले होते. अशा नोंदींची सरकारी मानके २०१३ साली आली, ती २०१६ साली सुधारली, आणि २७ सप्टेंबर २०२१ रोजी सुरू झालेल्या आयुष्मान भारत डिजिटल मिशनने प्रत्येकाला चौदा आकडी ‘आभा’ क्रमांक घेण्याची सोय केली. वाट ठरलेली आहे. त्या वाटेने निरोप कसा न्यावयाचा, एवढेच शिकावयाचे आहे.

लॉरेन्स वीड या अमेरिकन डॉक्टरांनी १९६८ साली असे मांडले की, केसपेपर तारीखवार टिपणांचे गाठोडे असू नये. प्रारंभी रोग्याच्या अडचणींची यादी असावी आणि पुढील प्रत्येक टिपण त्यांपैकी कोणत्या अडचणीचे आहे ते कळावे. आम्हांस हे वाचून युनियनच्या मागण्यांची वही आठवली. कोणती मागणी सुटली, कोणती लटकली, हे नवा कार्यकर्ताही पाहू शकतो. डॉक्टरांची बदली झाली तरी यादीतील ‘थुंकीचा अहवाल यावयाचा आहे’ ही ओळ नव्या डॉक्टरांस दिसली असती.

यंत्राने हटकले तरी माणसाने माणसास विचारणे सुटत नाही. सॅन फ्रान्सिस्कोच्या विद्यापीठ-रुग्णालयात २०१३ साली सोळा वर्षांच्या एका मुलाला एका गोळीऐवजी साडेअडतीस गोळ्या देण्यात आल्या. डॉ. रॉबर्ट वॉक्टर यांनी २०१५ च्या आपल्या पुस्तकात ही हकीकत सांगितली आहे. डॉक्टरीणबाईंनी १६० मिलिग्रॅम म्हणून आकडा घातला, पडद्याने तो दर किलो वजनामागे धरला. यंत्राने इशारा दिला, पण असे निरर्थक इशारे दिवसभर येत असल्याने तो डॉक्टरांनी आणि औषधवाल्यांनीही बाजूस सारला. गोळ्या यंत्रमानवाने बांधल्या. परिचारिकेस शंका आली होती. पट्टीचा आकडा जुळला, म्हणून तिने त्या दिल्या. मुलाला झटके आले, पण तो वाचला. चौघांपैकी कोणी मोठ्याने ‘अहो, साडेअडतीस?’ एवढे विचारले असते तर!

आता एक रकाना पाहा. जवळजवळ प्रत्येक नोंदणीत ‘व्यवसाय’ असे विचारलेले असते, आणि बहुधा तेथे ‘मजूर’ किंवा ‘इतर’ एवढेच असते. इटलीतील रामाझ्झिनी या वैद्याने १७०० साली कामगारांच्या रोगांवर ग्रंथ लिहिला व रोग्याला ‘तू काम काय करतोस?’ हा प्रश्न अवश्य विचारावा असे सांगितले. कापसाच्या धुळीचा खोकला वेगळा, दगडखाणीतील धुळीचा वेगळा. हा रकाना नीट भरला तर एकाच खात्यातील किती जण खोकत आहेत हे संगणक क्षणात सांगेल. कागदांच्या गठ्ठ्यातून ते शोधण्यास आम्हांस एकदा सारा उन्हाळा लागला होता. पण खिडकीशी शंभर माणसे रांगेत असता एकटी बाई प्रत्येकास ‘कोणते खाते, किती वर्षे?’ कशी विचारणार? नोंदीचा चांगुलपणा तिच्याजवळ असलेल्या मिनिटांवर अवलंबून आहे, हे संगणक खरेदी करणारे विसरतात.

दुसरी भीती उलट बाजूची आहे. निरोप पोचावा, पण भलत्याकडे नव्हे. त्या कामगाराचा फोन मुकादमाला गेला असता तर दुसऱ्या दिवशी त्याचे काम गेले असते. एकच पासवर्ड साऱ्या दवाखान्याने वापरण्याची रीत आम्ही पाहिली आहे. मग कोणी काय उघडले याचा पत्ता कसा लागावा? आणि वीज गेली, यंत्र बसले तर? दिल्लीच्या एम्सवर २३ नोव्हेंबर २०२२ रोजी संगणकी हल्ला झाला, तेव्हा तेथील कित्येक दिवसांचे काम हाताने करावे लागले. कोऱ्या केसपेपरांचा एक गठ्ठा कपाटात असलाच पाहिजे.

त्या दवाखान्यात नंतर काय झाले ते सांगतो. नव्या डॉक्टरांनी आमचे ऐकून घेतले. रोज चार वाजता ‘आलेले पण न उघडलेले अहवाल’ अशी यादी संगणकातून काढतात, आणि कोणाला कोणी कळवले व उलट काय उत्तर आले ते वहीत लिहितात. नंबर घेताना ‘हा कोणाचा?’ असे विचारतात. आमच्या कामगाराने सहा महिने गोळ्या पुऱ्या केल्या. त्याच्या नोंदीत आता बायकोचा नंबर आहे, आणि व्यवसायासमोर ‘यंत्रमाग, बारा वर्षे’ असे लिहिले आहे. ते लिहिण्यास खिडकीवरच्या बाईंना जास्त वेळ लागतो, रांग ओरडते. त्यांच्या मदतीस दुसरा कारकून मागणारा अर्ज आम्ही दोनदा पाठवला आहे. तिसरा परवा टाकला.